तक्रारींचा सरळ आलेख

१९८८ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या नळ-तक्रार आलेखन कक्षात युनिक्सवर चालणारा संगणक दाखल झाला. पाठोपाठ परिपत्रक निघालं: येत्या सोमवारी माननीय मंत्री पडद्यावर तक्रारींचा आलेख पाहतील. हे काम कृष्णकांतवर सोपवण्यात आलं, कारण तो अजून कायम झाला नव्हता.

आलेख काढायला ग्राफिक्सची लायब्ररी लागेल, असं त्याने कळवताच कक्षप्रमुख महादेवरावांनी एक कपाट, एक ग्रंथपाल आणि ‘शांतता राखा’ ही पाटी तातडीने मंजूर केली. लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमांचा संच, मात्र टेपवर आली. ‘कोणत्याही संगणकावर चालते’ असं तिच्यावर छापलं होतं. ती चढवताच पडद्यावर उमटलं: आधी खिडक्यांची लायब्ररी बसवा. ती मागवली, तर तिने अक्षरांची लायब्ररी मागितली. अक्षरांच्या लायब्ररीला नवा कंपायलर हवा होता. ही लायब्ररीबाई परदेशी असली तरी वळण सरकारी आहे, हे कृष्णकांतने ओळखलं.

रविवारी दुपारी सगळ्या टेपा जमल्या आणि डिस्क भरली.

“काय करून राहिला गा? उद्या मंत्री येऊन राहिले!” महादेवराव कडाडले.

“जागा नाही साहेब. काहीतरी पुसावं लागते.”

“मंग पूस ना. काहून थांबला?”

“पुसाले फक्त तक्रारीच हायेत.”

महादेवरावांनी डोळे मिटून प्रशासकीय विचार केला. “मंत्र्याले आलेख दाखवाचा हाये. तक्रारी दाखवा, असं परिपत्रकात कुठं हाये?”

“पण आलेख त्यायचाच...”

“तू टेम्पररी हायेस न गा?”

कृष्णकांतने तक्रारी पुसल्या. लायब्ररी ऐसपैस बसली.

सोमवारी मंत्र्यांनी बटण दाबलं. पडद्याच्या तळाशी एक हिरवी रेघ शून्यावरून निघाली आणि सरळ शून्यावरच पोचली.

“एकही तक्रार नाही?” मंत्र्यांनी चष्मा पुसला.

“संगणक खोटं बोलत नाही साहेब,” महादेवराव नम्रपणे म्हणाले.

टाळ्यांच्या कडकडाटात कृष्णकांत कायम झाला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ती रेघ छापून आली. त्या सकाळी शहरातल्या लकडगंज वस्तीत नळांना थेंब नव्हता. पण रेघ पाहून जो तो ओशाळला. अख्ख्या शहरात आपलाच नळ कोरडा! तक्रार कोणत्या तोंडाने करायची? जो तो गुपचूप शेजाऱ्याकडे पाणी मागायला निघाला, आणि शेजारी वाटेतच भेटला. दोघांच्या हातांत रिकाम्या बादल्या.

“कुठं निघाले?”

“काही नाही, फिराले. तुमी?”

“मीबी फिरालेच.”

हसू नका वाचकहो. तुमच्या हातातली बादली इथून दिसते आहे.