चार प्लगविहिरींवरील स्वारीची हकीकत

श्रीमत् सकळगुणमंडित वाचकराजे यांचे सेवेसी बखरकार विज्ञापना करितो ऐसी जे, घरचे मोटारीचे पोटी तेल कैसे शिरले, आणि ते कोणी, कोणत्या हत्यारांनिशी काढिले, हे लिहून ठेवावे ऐसी थोरल्या बाईसाहेबांची आज्ञा जाहली. ऐशास, घडले तितकेच लिहिले आहे. पदरचे घातले नाही. घातले असल्यास थोडके.

बाबासाहेब, मोजणी खात्यातून निवृत्त, उमर अठ्ठ्याहत्तर, यांणी सारी हयात लोकांचे जमिनींच्या हद्दी बिनचूक लावून दिल्या. परंतु आपली थोरली बहीण आक्कासाहेब यांचेशी एका लोखंडी कपाटापायी बिघाड केला, तो अकरा वर्षे मिटला नाही. आईचे माघारी कपाट कोणी न्यावे, इतकाच तंटा. आणि मग ते कपाट दोघांपैकी कोणाचेही दारातून आत जात नाही, ऐसे मापाअंती कळो आले, आणि ते भंगारात गेले. पण अबोला मात्र दोन्ही घरांत ऐसपैस मावला.

ऐशियात आक्कासाहेबांचा फोन थोरल्या बाईसाहेबांस आला. थोरल्या बाईसाहेब म्हणजे बाबासाहेबांच्या कन्या, पेशाने दातांच्या डॉक्टर, दाढ उपटण्यात नामांकित. मजकूर ऐसा जे, एक डोळा आधीच गेला, दुसऱ्याचे ऑपरेशन मंगळवारी आहे, डॉक्टर शाश्वती देत नाहीत. तरी त्यापूर्वी भावाने एक वेळ तोंड दाखवून जावे. हा मजकूर बाबासाहेबांस सादर होताच त्यांणी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा चढविला, आणि हुकूम केला.

“जाईन. पण आपल्या गाडीनं. भाड्याच्या गाडीत मला मळमळतं. आणि आपली गाडी तर आजारी. मग काय करणार?”

हे बोलताना मुद्रा खिन्न होती. परंतु मागून चहा दोन वेळा मागविला, यावरून जाणत्यांनी काय ते जाणावे.

गाडी आजारी होती हे मात्र खरे. चढावर आचके देई, सिग्नलास उभी राहिली तर हिव भरल्यागत कापे. चौघा सिलेंडरांचे पथकात एक शिलेदार नित्य गैरहजर. थोरल्या बाईसाहेबांनी शनिवारी ती नाक्यावरील मिस्त्रींचे दरबारी रुजू केली. मिस्त्रींनी बोनेट उघडून ठिणगी पुरविणारी एक कॉइल वर ओढिली, तो तिचे टोकाकडून तेल ठिबकू लागले.

“प्लगच्या विहिरीत तेल उतरलंय. वरच्या झाकणाचं पॅकिंग आणि सीलं गेली. इंजिन ठणठणीत आहे, बाई, पण मला आठ दिवस सवड नाही.”

मग नवे पॅकिंग, सीले, प्लग आणि फटी बुजविण्याचा मसाला हाती देऊन दोन गोष्टी बजाविल्या: तेल टिपल्यावाचून प्लग काढू नये, नाहीतर ते आत सांडते, आणि बोल्ट आवळताना जोर दाखवू नये, झाकण तडकते. इतकी कुमक घेऊन बाईसाहेब माघारी आल्या.

मिती आदितवार, सकाळचे आठ वाजता, अंगणात मोर्चे लागले. बिनीवर खुद्द बाईसाहेब, कपाळी दिवा बांधून. त्यांचे धाकटे बंधू, पेशाने ग्रंथपाल, यांणी गाडीचे माहितीपुस्तक मांडीवर घेतले, आणि पानांस तेलाचा डाग पडू नये म्हणून स्वयंपाकघरातील चिमट्याने पाने उलटीत, खड्या आवाजात एकेक कलम वाचते जाहले. बाबासाहेब पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले, आणि दर कलमाअंती “याला कारागीर लागतो” ऐसे सांगत राहिले.

प्रथम बॅटरीची तार सोडून रसद तोडली. मग चारही कॉइलांच्या तारांच्या पिना काढून, कॉइलांस नंबरांच्या चिठ्ठ्या डकवून, एकेक वर घेतली. आंत पाहतात तो चार खोल विहिरी, तळाशी एकेक प्लग, आणि दुसरे विहिरीत तेलाचा गनीम चार बोटे चढलेला. काळा, दाट, आणि स्वस्थ. ठिणगी प्लगास पोहोचण्याआधीच वाटेत लुटली जात होती. तेव्हा बाईसाहेबांनी दवाखान्यातील आपला तोफखाना बाहेर काढिला: कापसाच्या गुंडाळ्या, लांब चिमटे, वाकड्या दांडीचा इवला आरसा. गुंडाळी बुडवावी, काळी होऊन आली की टाकावी, दुसरी बुडवावी; ऐशा एकोणचाळीस गुंडाळ्या कामी आल्या, आणि मग तळ कोरडा दिसताच प्लग काढिले.

पुढे दहा बोल्ट सोडून झाकण उतरविले. जुनी सीले तीन सहज सुटली. चौथे उष्णतेने भाजून दगड झालेले, ते जागा सोडीना. बाईसाहेबांनी आरसा लाविला, आकडी तिरपी धरिली, आणि सवयीने बोलून गेल्या.

“थोडं दुखेल हं.”

“कुणाला?” बंधूंनी पुस्तकातून डोके वर न काढता पुसले.

बाईसाहेबांनी आकडी ओढिली. सील अखंड बाहेर आले. मग झाकणाची कड पुसून, नवी सीले आणि पॅकिंग बसवून, कोपऱ्यांस मसाला लावून, बोल्ट मधून कडेकडे, पुस्तकात लिहिल्या बेताने आवळले. नवे प्लग उतरले, कॉइली आपापल्या जागी गेल्या, चार पिना चार वेळा टक् ऐशा वाजल्या, बॅटरीची तार जोडली. मसाला वाळावयास एक तास थांबावे, ऐसे पुस्तकाचे फर्मान होते. म्हणोन फौज हात धुऊन जेवावयास गेली. बाबासाहेबांनी भूक नसल्याचे कळविले.

आणि येथे फितुरी जाहली.

बाबासाहेब उठले, इकडे तिकडे पाहिले, बोनेट उघडून तिसरे कॉइलीची पिन काढून ठेविली, आणि बोनेट हलके दाबून पुन्हा पायरीवर येऊन बसले. हेतू दुष्ट नव्हता. अकरा वर्षांनी त्या दारात उभे राहून पहिला शब्द कोणता बोलावा, हे त्यांस आठ दिवस सुचत नव्हते.

तास भरला. बाईसाहेबांनी किल्ली फिरविली. गाडी सुरू जाहली आणि पूर्ववत् कापू लागली. बंधूंचे तोंड उतरले.

“मी म्हणालोच होतो,” बाबासाहेब म्हणाले. “कळवून टाकू तिला.”

बाईसाहेबांनी इंजिन बंद करून बोनेट उघडिले, दिवा फिरविला, तो तिसरी पिन लोंबत होती. त्यांणी चार टक् मोजले होते. मग त्यांचे ध्यान बाबासाहेबांकडे गेले. गाडी दुरुस्त होणार नाही म्हणणारा हा गृहस्थ सकाळपासून इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसला होता, आणि त्याचे उजवे बाहीवर अंगठ्याएवढा काळा डाग होता.

“बाबा, बाहीला काळं लागलंय.”

बाबासाहेबांनी बाही पुष्कळ वेळ पाहिली. “गाडीचं असेल.”

“हो. गाडीचंच.”

 बंधूंनी उगाच एक पान उलटिले.

“तिनं विचारलं, इतकी वर्षं का नाही आलास, तर काय सांगू गं?”

“सुचेल ते सांगा. नाही सुचलं तर नुसते बसा. मी आहे ना.”

तेव्हा बाबासाहेब उठले, वाकले, आणि आपले हातें ती पिन बसविते जाहले. टक्. किल्ली फिरली, आणि गाडी ऐशी शांत चालू लागली की बंधूंनी बोनेटावर पाण्याचा पेला ठेवून पाहिला; पाण्यावर तरंग उठला नाही.

दोन तासांची वाट, एक आचका नाही. आक्कासाहेब दारातच उभ्या होत्या, चौकट धरून.

“एवढा उशीर?”

“गाडी बिघडली होती,” बाबासाहेब म्हणाले.

“अकरा वर्षं?”

“तेल उतरलं होतं. विहिरीत.”

आक्कासाहेबांनी चौकट सोडिली. “मग वेळ लागणारच. आत ये. खिडकीपाशी बस, उजेडात. नीट बघू दे.”

येणेप्रमाणे आदितवारी, सायंकाळचे पावणेपाचांस, मोहीम फत्ते जाहली. संध्याकाळी फौज माघारी यावयाची होती. परंतु बाबासाहेब आणि गाडी तेथेच राहिले, बाकीची दोघे एस.टी.ने परतली. मंगळवारी त्याच गाडीतून आक्कासाहेब दवाखान्यात गेल्या, पुढचे आसनावर, भावाचे शेजारी बसून. आणि वाटेत गाडी कैसी चालवावी, याविषयी दोघांची कडाक्याची भांडणे जाहली, ऐसे खात्रीलायक कळते. लेखनसीमा.