मुळेसाहेबांच्या मांडीची चाचणी

क्रांती चौकाजवळच्या माझ्या लॅपटॉपच्या दुकानात एक साठीचे गृहस्थ लेंगा वर सरकवून, दोन्ही उघड्या मांड्यांवर एकेक लॅपटॉप ठेवून बसलेले दिसले, तर घाबरू नका. ते मुळेसाहेब. घाबरायचं काम ते स्वतःच करतात आणि चार माणसांना पुरेल इतकं करतात.

चितेगावच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासला. नोकरी संपली, तपासायची खोड राहिली आणि भीती वाढत गेली. बँकेत ते दाराजवळच उभे राहतात. वेरूळला जाताना एसटीत संकटकाळच्या दरवाजाशेजारी जागा नसेल, तर पुढच्या गाडीसाठी थांबतात. खिशात भाजल्यावर लावायचं मलम असतं. दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "सलीमभाई, काही तापलं नाय ना?"

"अजून तरी माझं डोकंच," मी म्हणतो.

लॅपटॉप हवा होता बाईंसाठी. त्यांच्या पत्नी मुळेबाई गणिताच्या शिक्षिका. माझी मुलगी त्यांच्यामुळेच दहावीच्या गणितातून सुटली. दोन वर्षांपूर्वी पैठण रोडवर अपघात झाला आणि त्या पलंगाला खिळल्या. आता पडद्यावरून शिकवण्या घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मी दोन लॅपटॉप काढले. दोन्हींचे प्रोसेसर कमी वीज खाणारे. एक सहा वॉटचा, बिनपंख्याचा, स्वभावानं गरीब. दुसरा पंधरा वॉटचा, पंखावाला, चपळ. मुळेसाहेबांनी लगेच नावं पाडली, सहावाला आणि पंधरावाला.

कुणाचा वेग किती, कोण किती तापतो, सगळे आकडे मी पडद्यावर दाखवले. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. "आकड्याला काय चटका बसतो व्हय?" म्हणाले आणि लेंगा वर केला.

चाचणी चार दिवस चालली. दोन्हींवर एकच व्हिडिओ वर्ग, एकच लिहायचा फळा. अर्ध्या तासानं लॅपटॉपची अदलाबदल, कारण "डावी मांडी जरा लाडावलेली हाय." निकाल वहीत उतरायचा. मोजपट्टीला खुणा तीनच: कोमट, गरम आणि आई गं. माउस घ्यायला आलेली एक बाई हा देखावा पाहून दारातूनच परत गेली. मी मनातल्या मनात चरफडत होतो. पण मुळेसाहेबांची भीती पडशासारखी लागते. तिसऱ्या दिवशी दुकान बंद करताना मीही प्रत्येक चार्जर हात लावून बघत होतो.

निकाल मात्र दोघांनाही छळणारा निघाला. सहावाला शेवटपर्यंत कोमट, पण वर्ग आणि फळा एकदम चालवला की चित्र अडकायचं. आवाज पुढं, आकडे मागं. पंधरावाला न कुरकुरता धावायचा आणि तासाभरात आई गं.

चौथ्या दिवशी दुपारी पाहिलं तर पंधरावाल्याखाली त्यांची मांडी लालभडक झालेली. कपाळावर घाम, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली.

"साहेब, काढा की तो. भाजतंय तुम्हाला."

"हिनं काढला असता का?"

मला काही कळेना. घड्याळावरची नजर न हलवता ते म्हणाले, "हिला कमरेखाली काहीच कळत नाय, सलीमभाई. जुना लॅपटॉप असाच मांडीवर होता. मी भाजी आणायला गेलतो. आलो तर मांडीवर हे मोठे फोड, अन् ही हसून म्हणती, लवकर आलात. खाली पाट दिला तर तो सरकतो, ते बी हिला कळत नाय. म्हणून मी बी काढत नाय. तासाभरात हिचं काय होईल ते बघतो."

मी पुढं होऊन तो लॅपटॉप उचलला.

"सहावाला घ्या," मी म्हणालो. "थोडं अडकेल, पण जिवाला घोर नको."

लेंगा खाली करत ते म्हणाले, "चित्र अडकलं की पोरं निघून जातील. मग ही परत भिंतीकडं तोंड करून पडंल. मला त्याची लई भीती वाटती." आणि हा भित्रा माणूस पंधरावाला घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी त्यांचा प्रिंटर जोडून द्यायला मी घरी गेलो. वर्ग चालू होता. उशांना टेकून बाई कोन दुभागायला शिकवत होत्या आणि पडद्यावर मुलं एकमेकांशी भांडत होती. मुळेसाहेब पलंगाला खेटून स्टुलावर बसले होते, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे. त्यांचा हात लॅपटॉपच्या खाली होता, तळवा वर, बाईंच्या मांडीवर टेकवलेला.

बाईंनी माइक बंद केला. "सांगून थकले हो मी," त्या मला म्हणाल्या. "म्हणतात, तुला कळत नाही ना, मग मला कळू दे."

त्यांनी डोळे पुसले, माइक चालू केला आणि मुलांना म्हणाल्या, "हं, पुढचं उदाहरण घ्या."

मुळेसाहेबांनी दुसरा हात आत सरकवला आणि मगच पहिला बाहेर काढला.