चाळीस इंची मासा

जिजाने डोक्यावरची पाटी उतरवून काचेच्या काउंटरवर ठेवली, तेव्हा श्रीरंग मुणगेकरांना वाटलं, बाई दुकान चुकली.

"मावशी, आज मासे नकोत," ते म्हणाले.

"मासे विकून आले. टीवी दाखव," असं म्हणत जिजाने पाटीवरचं प्लास्टिक दूर केलं. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काळंभोर, चकचकीत यंत्र होतं. तिने ते तान्ह्या पोराला उचलावं तसं दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवलं आणि उजवा तळवा मुणगेकरांपुढे धरला. तळव्यावर बॉलपेनने 'एच डी' लिहिलेलं होतं.

२००८ सालची दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. मुणगेकरांना विरारच्या या दुकानात लागून चार महिने झाले होते. त्याआधी बावीस वर्षं ते बोईसरच्या एका रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. कंपनी बंद पडली आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोणी उभं करेना. दुकानाचा तरुण मालक हर्षवर्धन याने ओळखीखातर ठेवून घेतलं खरं, पण कालच तो म्हणाला होता, "काका, तो चाळीस इंची एचडी दिवाळीआधी गेला पाहिजे. नाही गेला तर मग दिवाळीनंतर आपण बसून बोलू." बसून बोलू याचा अर्थ मुणगेकरांना रंगाच्या कंपनीपासून ठाऊक होता.

अडचण एवढीच, की दुकानात त्या एचडीतलं ज्याला कळायचं तो केल्विन आज बहिणीच्या साखरपुड्याला नंदाखालला गेला होता आणि हर्षवर्धन वसईला. मुणगेकर एकटे होते. पण केल्विनचं भाषण ऐकून ऐकून त्यांना पाठ झालं होतं.

"कोणासाठी घ्यायचाय, मावशी?"

जिजाने सांगितलं. तिच्या नवऱ्याचा, धर्माचा, पाय अर्नाळ्याच्या धक्क्यावर घसरून मोडला होता. ऐन हंगामात बोटी त्याला मागे टाकून जात होत्या आणि तो खाटेवर पडून घरादाराला शिव्या देत होता. भेटायला येणाऱ्यांवरही खेकसायचा, म्हणून आता कोणी फिरकत नव्हतं. जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाने बापाचा जीव रमावा म्हणून हे खेळायचं मशीन पाठवलं होतं, त्यात मासेमारीचा खेळ घालून.

"आमची टीवी एवढीशी," तिने ओंजळ दाखवली. "त्यात मासा हाय का दोरी, कलत नाय. पोऱ्या फोनवर बोलला, एच डी घे."

मुणगेकरांनी तिला चाळीस इंचीसमोर उभं केलं आणि भाषण सुरू केलं. माणसाच्या चेहऱ्यावरची लव दिसते. क्रिकेटच्या मैदानातलं गवत मोजता येतं. जिजाने सगळं ऐकून घेतलं.

"लावून दाखव," ती म्हणाली.

हे भाषणात नव्हतं. पण मशीनबरोबर टॉवेलात आलेल्या वायरीला पिवळं, लाल आणि पांढरं अशी तीन टोकं होती आणि तसली वायर मुणगेकरांनी डीव्हीडी प्लेयरला शंभर वेळा लावली होती. त्यांनी हुश्श करून तीन टोकं तीन भोकांत बसवली. पडद्यावर तळं आलं, होडी आली. मग गळाला लागलेला मासा पाण्याबाहेर उसळला. मासा ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा दिसत होता.

जिजा वाकून बघत राहिली. पहाटे लिलावात उभी राहून मासा जोखणारी ती नजर होती.

"याचा डोला कुठंय?"

"असेल ना. थोडा लांबून बघा."

"लांबून बगून मासा घ्यायचा तर बाजारात कशाला जायचं?"

मुणगेकरांनी रिमोट घेतला. रंग वाढवला, तर मासा शेंदरी झाला. धार वाढवली, तर त्याला सगळीकडून काटे फुटले. मग त्यांनी वायर काढून शेजारच्या बत्तीस इंचीला लावली. तिथेही तेच फडकं. जिजाने मान हलवली. "बर्फातला हाय. चार दिवसांचा."

तेवढ्यात विनिता आणि तिचा नवरा विघ्नेश दुकानात शिरले. गेले चार रविवार हे जोडपं चाळीस इंचीला बघून जात होतं आणि आज घेऊन जायचं ठरवूनच आलं होतं. दोघं जिजाच्या मागे येऊन उभी राहिली.

"हे एचडी?" विघ्नेशने विचारलं.

"हो, म्हणजे अजून सेट होतंय," मुणगेकर म्हणाले आणि त्यांनी केल्विनला फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता. केल्विन ओरडून काहीतरी सांगत होता, पण त्यातलं फक्त 'वायर' आणि 'लावली का' एवढंच इकडे पोचलं.

"लावली," मुणगेकर म्हणाले.

"मग झालं, काका. मस्त दिसेल," केल्विन म्हणाला आणि बँडमध्ये बुडाला.

जिजा एव्हाना दुकानभर फिरून कोपऱ्यात पोचली होती. तिथे एक जुन्या पद्धतीचा, मागे ढेरी असलेला एकवीस इंची टीव्ही होता. त्याच्यावर मिक्सरचे खोके रचलेले होते. "याला लाव," ती म्हणाली.

मुणगेकरांनी हरल्या मनाने खोके उतरवले, धूळ पुसली, वायर लावली. मासा पाण्याबाहेर आला तो लखलखीत. कल्ले दिसले, शेपटी दिसली आणि काळाभोर, गोल डोळाही दिसला.

"हा ताजा," जिजा म्हणाली.

विनिताने नवऱ्याकडे बघितलं. "चार रविवार मी तुला हेच सांगत होते. आपला आहे तसलाच चांगला असतो."

"अहो, पण..." मुणगेकर म्हणाले. पण त्या दोघांना जे दिसत होतं तेच त्यांनाही दिसत होतं. अर्ध्या तासात जिजाने तो ढेरीवाला टीव्ही रिक्षात घातला. विनिता आणि विघ्नेशने गोदामातून तसेच दोन काढायला लावले, एक घरी आणि एक सासूबाईंना. चाळीस इंची जागच्या जागी राहिला आणि आता तर तो मुणगेकरांना तोंड लपवून उभा असल्यासारखा वाटायला लागला.

दुपारी हर्षवर्धन आला. मुणगेकरांनी सगळं न लपवता सांगितलं आणि बसून बोलायची वेळ आलीच म्हणून खुर्चीही पुढे ओढली. हर्षवर्धन गोदामात जाऊन आला.

"काका, ते डबे दोन वर्षं पडून होते. भंगारवाला फुकट न्यायला तयार नव्हता. तुम्ही काय सांगितलंत लोकांना?"

"काही सांगितलं नाही. दाखवलं."

"मग रोज दाखवा," हर्षवर्धन म्हणाला.

नोकरी वाचली, या विचारात मुणगेकर संध्याकाळपर्यंत तरंगत होते. मग साखरपुडा आटोपून, कोट घालून केल्विन आला. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "काका, वायर कुठली लावलीत?"

"पिवळी, लाल, पांढरी."

केल्विन कपाळाला हात लावून खाली बसला. मग त्याने ड्रॉवरमधून चपट्या टोकाची एक काळी वायर काढून मुणगेकरांच्या हातात ठेवली. "एचडीला ही लागते. त्या तीन टोकांनी मोठ्या पडद्यावर सगळं धुरकटच दिसणार. डब्यावर मात्र बरं दिसतं. खोक्यात ही वायर देतच नाहीत, वेगळी घ्यावी लागते. मी फोनवर तेच सांगत होतो."

"म्हणजे मी त्या बाईला फसवलं."

"तिने स्वतः निवडला," हर्षवर्धन गल्ल्यावरून म्हणाला. "झालं ते झालं, काका."

पण मुणगेकरांचं होत नव्हतं. बावीस वर्षं स्टोअरमध्ये त्यांनी एका डब्याच्या जागी दुसरा डबा जाऊ दिला नव्हता. जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. वसुंधराबाई म्हणाल्या, "जाऊन सांगून या. नाहीतर तुम्ही मला झोपू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. काळी वायर पिशवीत घालून ते अर्नाळ्याच्या बसमध्ये बसले. वाटेत त्यांनी वाक्यंही जुळवली. चूक माझी आहे, टीव्ही बदलून देतो, मालकाला मी समजावतो. मालकाला कसं समजावायचं, ते वाक्य मात्र आगाशी मागे पडली तरी जुळलं नव्हतं.

जिजाच्या घराबाहेर चपलांचा ढीग होता. आत खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घालून धर्मा बसला होता, हातात खेळाचं कंट्रोल धरून. भोवती बोटी हाकणारे पाच-सहा म्हातारे तांडेल जमले होते. पडद्यावर नुकताच एक मासा वर आला होता आणि धर्मा सांगत होता, "रावस हाय. असला रावस मी एकसष्ट साली काढलेला."

"रावस कसला? घोल हाय," त्याच्या शेजारचा जेम्स म्हणाला. जेम्स पाचूबंदरचा, दोन बोटींचा मालक, आणि तरुणपणापासून धर्माचा प्रतिस्पर्धी. पाय मोडल्यापासून तो आज पहिल्यांदा आला होता.

मुणगेकरांनी उभ्यानेच आपली वाक्यं म्हटली. वायर दाखवली. "ही लावली की मोठ्या टीव्हीवर खवला अन् खवला दिसतो. खाली माशाचं नाव येतं, तेसुद्धा वाचता येतं. तुमचा टीव्ही मी बदलून देतो."

जिजा पुढे आली आणि त्यांना हाताला धरून मागच्या पडवीत घेऊन गेली.

"दादा, चांगला मानूस तू, एवढ्या लांब आलास. आता माजं ऐक. तो मासा रावस नाय, घोल पन नाय. कुठल्या तरी गोऱ्यांच्या तल्यातला हाय, गोड्या पान्यातला. मी काल पयल्याच बगन्यात ओलखला. पन इथं कोनाला ते बारीक नाव वाचता येत नाय. म्हनून कालपासून भांडतायत. दोन महिने या घरात कोन हसला नव्हता. तू खवला दाखवलास, नाव दाखवलंस, तर सगले उठून घरी जातील."

मुणगेकरांनी वायर पिशवीत घातली.

ते आत आले, तर जेम्स त्यांची वाटच बघत होता. "तुमी तो मोठा बोलला, तो केवढा?"

"चाळीस इंच."

"मना द्या. पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ एवढुशा टीवीत बगायला लाज वाटते. उद्या येतो. ती वायर बी त्यात पायजे."

"मिळेल," मुणगेकर म्हणाले. आपण एक टीव्ही परत घ्यायला आलो आणि दुसरा विकून चाललो, हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"टीवी खुशाल ने," जिजाने जेम्सला सांगितलं. "मशीन इथून हलनार नाय."

तेवढ्यात धर्माच्या गळाला पुन्हा काहीतरी लागलं. त्याने दात आवळून मासा ओढला. भलामोठा, हिरवट, रुंद तोंडाचा मासा हवेत उसळला आणि पडद्याच्या तळाशी मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं उमटली.

"सुरमई," धर्मा म्हणाला.

"डोला फुटला काय तुजा? घोल," जेम्स म्हणाला.

धर्मा मुणगेकरांकडे वळला. "दादा, तुमी शिकलेले. खरं बोलायला अर्नाल्यापर्यंत आलात. तुमीच सांगा, काय लिवलंय?"

मुणगेकर पडद्याजवळ गेले. चष्मा लावून, वाकून, डोळे बारीक केल्यावर अक्षरं लागत होती. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचली. मग दारात उभ्या असलेल्या जिजाकडे बघितलं.

"सुरमई," ते म्हणाले. "पण खाली असंही लिहिलंय, की काही ठिकाणी याला घोळ म्हणतात."