उजवीकडे न वळणारे काकाजी

माझ्या नावापुढे बी.एस्सी. लागले ते सुखदेव काकाजींमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे वाचून कुणाला वाटेल, की हा माणूस उपकार विसरला. विसरलो नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. मी गेलो तो काकाजींच्या छोट्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून, मांडीवर झेंडूचे गाठोडे घेऊन.

तर हे काकाजी गेल्या दिवाळीपासून उजवीकडे वळत नाहीत.

पायी चालताना वळतात. गाडी चालवताना वळत नाहीत. अंजनगाव सुर्जीच्या बाजारात उजव्या हाताला मारुतीचे देऊळ आहे. काकाजी त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून जातात, मग डावीकडे वळतात, धान्य बाजारामागून पुन्हा डावीकडे, पुन्हा एकदा डावीकडे, आणि मूळ रस्ता ओलांडून देवळापाशी येऊन थांबतात. चौकातला चहावाला गिऱ्हाइकाला सांगतो, "आता काकाजी गेले ना, चहा होईपर्यंत येतेच पाहा इकडून."

कुणी कारण विचारले की काकाजींचे उत्तर ठरलेले. "गाडीचा उजवा खांदा धरला बाप्पा."

काकाजी गाडीविषयी नेहमी असेच बोलतात. आमचे गाव अंजनगावपासून नऊ किलोमीटरवर, आणि आमची नि त्यांची भिंत एकच. त्यांची दोन एकर बागायत आहे. झेंडू, शेवंती, पालक आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. हा माल अमरावतीला न्यायला त्यांनी एका निवृत्त मास्तरांकडून ही गाडी घेतली, तेव्हाच ती बरीच वापरलेली होती. आता तिला वीस वर्षे सहज होऊन गेली असतील. इंजिन अजून खणखणीत आहे. दुखते ते सगळे स्टेअरिंगमध्ये. आणि गाडीचे प्रत्येक दुखणे काकाजी माणसाच्या दुखण्याच्या नावाने सांगतात.

स्टेअरिंग थोडे फिरवले आणि चाक हललेच नाही, तर "कंबर सैल झाली." वळताना खालून कटकट आवाज आला, तर "गुडघे वाजून राहिले." गाडी आपोआप एका बाजूला ओढायला लागली, तर "मान लचकली."

याउलट माणसाच्या डॉक्टरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "त्याच्यापाशी एक तरी पाना हाये काय? पाना नाही, जॅक नाही, अन् म्हणे मी दुरुस्त करतो!"

त्यांचा डॉक्टर एकच, अंजनगावचे रफिकभाई मेकॅनिक. काकाजी त्यांना 'डाक्टरसाहेब' म्हणतात, आणि एक शब्दही न ऐकता त्यांनाच शिकवतात. "आधी आयका, मंग पाना." हे काकाजींचे ब्रीदवाक्य. गाडी काय म्हणते ते आधी कान देऊन ऐकायचे, पाना नंतर उचलायचा. रफिकभाईंनी बॉनेटला हात लावायच्या आत काकाजी कान लावून बसलेले असतात.

एका पावसाळ्यात गाडीला थंडीताप आला. साठच्या वर गेली की स्टेअरिंग थरथरायचे, हात मनगटापर्यंत झिणझिणायचे. काकाजींनी अमरावतीला जाऊन व्हील बॅलन्सिंग करून आणले. चार दिवस बरे, पाचव्या दिवशी पुन्हा ताप. पुन्हा बॅलन्सिंग. असे तीनदा झाले. शेवटी रफिकभाईंनी चाक काढून आतून पाहिले आणि डोक्याला हात लावला.

"काकाजी, आप गाडी वावर में ले जाते क्या?"

"मंग? फुलं काय रोडावर उगवते?"

चाकाच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून दगडासारखी बसली होती, एका चाकात तर खोबऱ्याच्या वाटीएवढे ढेकूळ. त्या वजनाने चाक झोकांड्या खात होते. रफिकभाईंनी खुरपे मागवले आणि चाकांचे निंदण केले. ताप उतरला. काकाजींनी ती माती पिशवीत भरून घरी आणली. "आपल्या वावराची हाये. त्याच्या दुकानात काहून ठेवू?"

आणखी एकदा स्टेअरिंग इतके जड झाले की वळवताना काकाजी सीटवरून उठायचे. "सांधे धरले," त्यांनी निदान केले आणि महिनाभर रोज कुठे ना कुठे तेल घातले. एके दिवशी रफिकभाईंनी पुढच्या टायरवर नुसता बूट दाबला आणि विचारले, "हवा किसने निकाली?"

हवा काकाजींनीच काढली होती. खड्ड्यात आदळून शेवंतीच्या पाकळ्या गळतात, म्हणून टायर मऊ केले होते.

"गादीच झाली ना ती," काकाजी म्हणाले.

"गादी हुई, तो उसपे सोओ. चलाते कायको?"

घरात हे सगळे ऐकायला काकीजी असतात. काकाजी-काकीजींना मूलबाळ नाही. काकीजी म्हणतात, "माह्यं डोकं दुखलं त हे विचारत नाहीत. गाडीनं शिंक देल्ली त रातभर झोप नाही याइले."

पण मार्च आला की या गाडीची किंमत साऱ्या गावाला कळते. आमच्या गावातून बारावीच्या परीक्षेला अंजनगावला जावे लागते. सकाळची एसटी कधी येते, कधी येत नाही. म्हणून मी शाळेत होतो तेव्हापासून गावातले बारावीचे पोट्टे-पोट्टी काकाजींच्या गाडीतून केंद्रावर जातात. गाडीत पुस्तक उघडायचे नाही, हा नियम. उतरताना प्रत्येकाच्या हातात एक झेंडूचे फूल. त्या दिवसांत अमरावतीच्या बाजाराला त्यांचा माल उशिरा पोचतो. "झेंडू उद्या बी विकते. पेपर उद्या नसते," असे ते म्हणतात.

माझी बारावी अशीच झाली. मग मी अमरावतीला बी.एस्सी.ला गेलो. शेवटच्या वर्षी घरी आलो होतो, आणि रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळची बस आलीच नाही. काकाजींनी फुले उतरवली आणि मला बसवले. त्या दिवसांत गाडीची कंबर सैल होती. स्टेअरिंग पाव फेरा रिकामेच फिरायचे. दर्यापूरच्या अलीकडे एका वळणावर खाली खाडकन आवाज झाला. पुढची दोन चाके दोन दिशांना तोंड करून उभी राहिली. वेग कमी होता म्हणून वाचलो. स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, टायरॉडचा, सांधाच निखळला होता.

मी रडायच्या बेतात होतो. काकाजींनी रस्त्याकडे पाहिले. मागून कांद्याचा टेम्पो येत होता. तो आमच्याच गावच्या किसनरावांचा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून काकाजींचे नि त्यांचे भांडण झाले होते आणि आठ वर्षे एकमेकांशी शब्द नव्हता. एकाच्या दारात लग्न असले तर दुसरा त्या दिवशी बाहेरगावी जायचा.

काकाजी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"किसनराव, भांडण उद्यापासून पुन्हा सुरू करू. आज ह्या पोट्ट्याले अमरावतीले सोड. पेपर हाये त्याचा."

किसनरावांनी काकाजींकडे पाहिले नाही. मला म्हणाले, "बस बे."

मी कांद्याच्या पोत्यांवर बसून परीक्षेला पोचलो. बाहेरच्या परीक्षकांनी मला पाहून आधी खिडकी उघडायला सांगितली आणि मग प्रश्न विचारले. काकाजी दिवसभर उन्हात गाडीपाशी बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते किसनरावांच्या दारासमोर उभे राहून पाण्याच्या पाळीवरून पुन्हा ओरडत होते. शब्द दिला होता.

आज मी अकोल्याला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि जुन्या शहरात भाड्याने राहतो. संक्रांतीला गावी गेलो, तेव्हा रस्त्यात रफिकभाईंनी हात करून थांबवले.

"साहब, आपके काकाजी को समझाओ. चाक जॅक पे उठाके देखा. एक उंगली से उजवीकडे घुमता है. गाडी में कुछ नहीं. मैं बोला, तो बोलते तेरा कान गया."

मी काकाजींना म्हटले, गाडी मी चालवून पाहतो. त्यांनी आढेवेढे घेतले, मग किल्ली डाव्या हाताने माझ्याकडे टाकली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. त्या सीटवर त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. वेशीपाशी मी उजवीकडे वळलो. पुढे शाळेपाशी पुन्हा उजवीकडे. नदीच्या रस्त्याला तिसऱ्यांदा. गाडी लोण्यासारखी वळत होती. कटकट नाही, जडपणा नाही, ओढ नाही.

काकाजी खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर पाहतच म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं आयकते गाडी."

घरी आल्यावर मी पहिल्यांदा नीट पाहिले. त्यांनी तिळगूळ डाव्या हाताने घेतला. चहाची बशी डाव्या हाताने धरली. दारावरून जाणाऱ्या गुरुजींना नमस्कार केला तो नुसती मान हलवून. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळावी तसा.

काकाजी गोठ्यात गेले तेव्हा काकीजी माझ्याजवळ येऊन बसल्या.

"दिवाळीपासून शर्टाची बाही मलेच चढवून द्यावी लागते. हात खांद्याच्या वर जातच नाही. उजवीकडे वळाले स्टेअरिंग वरून धरून ओढलं का कळ निघते. कोनाले सांगू नको, म्हणते."

"मग दवाखान्यात का नाही जात?"

"म्हणते, डाक्टरनं हात बांधून ठेवला त मार्चात पोट्ट्याईले कोन नेईन? पाच जण हायेत औंदा. मार्च झाला का पाहू म्हणते." मग पदराने डोळे न पुसता, गोठ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "अन् गाडी बंद झाली त आपल्या दारी कोन येईन, हेही म्हनले एकदा. झोपेत नाही, जागेपणी."

मला गाडीतली पाच मुले दिसायला लागली. अंजनगावच्या रस्त्यावर समोरून एखादा ट्रक अंगावर आला आणि काकाजींना पटकन उजवीकडे घ्यावे लागले तर? तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नाही. फोनवर बोललो असतो, तर त्यांनी "आवाज कटून राहिला" म्हणून ठेवून दिला असता. पत्र मात्र ते पूर्ण वाचतात, आणि वाचून झाले की गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवतात. म्हणून अकोल्याला आल्या आल्या मी हे लिहिले आणि पाठवले:

*ती. सुखदेव काकाजींना सा. नमस्कार.*

*आधी ऐका, मग पाना. तुम्हीच शिकवले आहे, म्हणून हे शेवटपर्यंत ऐका.*

*गाडी मी तीन वेळा उजवीकडे वळवली. तिचा खांदा ठणठणीत आहे. धरला आहे तो तुमचा. रफिकभाईंचा कान गेलेला नाही. गाडीला नुसती कटकट झाली तर तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी दाखवायला नेता, आणि स्वतःचा सांधा तुम्ही दिवाळीपासून तसाच वापरत आहात. दर्यापूरच्या अलीकडे सांधा निखळला तेव्हा गाडीत तुमच्यासोबत मी एकटा होतो. या वेळी पाच जण असतील.*

*मी रजा टाकली आहे. येत्या शनिवारी सकाळी येतो. अमरावतीला हाडांच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवले आहे. त्यांच्याकडे पाना नाही, पण मी फोनवर विचारून घेतले, ते आधी ऐकतात. गाडी मी चालवीन. उजवीकडची सगळी वळणे घेईन, एकही सोडणार नाही.*

*मार्चचीही रजा मांडली आहे. पेपरच्या प्रत्येक सकाळी गाडी आपल्याच दारातून निघेल. मुले आपल्याच दारी येतील. पण मला रस्ता नीट आठवत नाही, आणि गाडीत कुणी पुस्तक उघडले तर ओरडायला मला जमणार नाही. म्हणून डावीकडच्या सीटवर तुम्ही पाहिजेच. फुले तुम्हीच द्यायची. पाच मुलांना पाच, आणि एक मला. माझा पेपर नाही, तरी पाहिजे.*

*तुम्ही चिडाल हे मला माहीत आहे. चिडा. पण शनिवारी मुकाट्याने गाडीत बसा काकाजी. भांडण आपण रविवारपासून सुरू करू.*

*तुमचा,*
*कांद्याच्या पोत्यावरचा पोट्टा*