ग्लॉसी तसबिरीचे प्रकरण

श्रीगजवदन सांभाळोत, आणि ऐकणारांचे कान शाबूत राहोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ वद्य पंचमी. संवत्सराने आपले नाव कैसे राखिले ते निवेदन करितो.

एका राज्याचे धनी कैलासवासी जाहले त्यास वर्ष होत आले, आणि वर्षश्राद्धास त्यांची मोठी तसबीर मांडावी ऐसे ठरले, मग राणीसाहेब चिमाबाई यांनी छायाकारखान्याचे दारोगा निळोपंत यांस बोलावून आज्ञा केली की, "मॅट कागदावर काढा. चकाकी नको. उन्हातान्हाने रापलेला चेहरा त्यांचा, तसाच दिसू दे." पंत "जी" म्हणोन मुजरा करून निघाले, आणि देवडीवर थोरले चिरंजीव बजाजीराजे यांनी त्यांस गाठिले आणि म्हणाले, "मॅट? अगदीच सुतकी कळा येईल. चार सरदार येणार, लोकांत शोभा नको? ग्लॉसी काढा." पंत चाचरले, "पण आईसाहेबांचा हुकूम..." तों राजे म्हणाले, "मासाहेबांस कागदातले काय कळते? त्यांनी गंध लावावे, बस." हर हर! चाळीस वर्षे राज्याचा एकेक कागद जिने आधी वाचिला आणि मग धन्यांनी शिक्का उठविला, तीस कागदातले कळत नाही! पोराच्या जिभेला काही हाड? आणि पंत तरी कैसे, तर वारा येईल तशी पाठ फिरविणारे. त्यांनी गुमान ग्लॉसी काढिली.

श्राद्धाचे दिवशी दिवाणखान्यात खिडकीसमोर तसबीर मांडिली, आणि झगमग झाकेल म्हणोन काचही बसविली नाही, आणि ऊन आत आले, मग काय विचारता, तसबिरीचा आरसा जाहला! पहिले सरदार हात जोडून वाकले आणि आपली पगडी सारखी करून उठले. दुसऱ्यांनी मिशीस पीळ दिला. मेले श्राद्धास आले होते की वरातीस? मग राणीसाहेब आल्या. महालात धन्यांची धाकटी तसबीर असे, तीस रोज सकाळी अनामिकेने गंध लावावे हा त्यांचा वर्षाचा नेम. तैसेच बोट गंधात बुडवून पुढे केले, तों समोर धनी नाहीत, आपलेच मोकळे कपाळ! बोट थांबेना, आणि गंध नेमके त्या कपाळाचे मधोमध उमटले. बायकांनी माना खाली घातल्या आणि गुरुजी मंत्र विसरले.

राणीसाहेब कडाडल्या, "वर्षाने त्यांना डोळे भरून पाहायला आले, आणि ह्या मेल्या कागदात मीच! बजाजी, कोणाला विचारून बदललास?" राजे पुटपुटले, "मासाहेब, लोकांत शोभा दिसावी म्हणून..." "बाप दिसेनासा केलास आणि शोभा सांगतोस? आणि पंत, माझ्यासमोर जी म्हणायचं आणि देवडीवर फिरायचं, ही कुठली चाकरी? पानं मांडायच्या आत मॅट आणा!" पंत धोतर सावरीत पळाले आणि मॅट घेऊन आले, आणि तीत धनी होते, रापलेले, हनुवटीवर जुना व्रण, जैसेच्या तैसे. राणीसाहेबांनी गंध लाविले आणि रडू आवरले नाही. मग राजे ग्लॉसी उचलून अडगळीत नेऊ लागले, तों त्या म्हणाल्या, "ठेव ती. माझ्या महालात जाईल."

दुसरे दिवशी सकाळी राणीसाहेब त्या ग्लॉसीसमोर उभ्या राहिल्या, आणि काल लागलेल्या गंधाशी आपले कपाळ जुळविले, आणि कुंकवाचे बोट या खेपेस आपल्याच कपाळी टेकविले, आणि तैशाच दरबारात येऊन बसल्या. बजाजीराजे उठोन ओरडले, "मासाहेब, हे काय! लोक काय म्हणतील?"

राणीसाहेब म्हणाल्या, "लोकांत शोभा तुलाच हवी होती ना? मग बघ."

ऐसे हे दोन कागदांचे वर्तमान. मॅट दिवाणखान्यात आहे, ग्लॉसी महालात आहे, कुंकू कपाळी आहे. इतुके लिहून लेखणी पुसली.