सत्तावीस दोनदा

सृष्टीला इंग्रजी येत नव्हतं असं अजिबात नाही. झकास यायचं. फक्त आकडे आले की ती स्वारगेटवरून सुटलेल्या विनाथांबा गाडीसारखी सुटायची. मागच्या मंगळवारी ती इंग्लंडच्या ग्राहकाला पंपांच्या तक्रारींचे आठवडावार आकडे वाचून दाखवताना पलीकडचे साहेब अकरा वेळा "सॉरी?" म्हणाले. अकरा! तिचा मॅनेजर अनिरुद्ध याने ते मोजले होते.

"पुढच्या मंगळवारी तिमाहीचा मोठा कॉल आहे," तो म्हणाला. "एकदा जरी 'सॉरी' आलं ना, तर यापुढे तुझ्याऐवजी तुझ्या टीममधला पृथ्वीराज वाचेल. कायमचा."

धाराशिवहून येऊन, दोन वर्षं हिंजवडीच्या बसचे धक्के खाऊन मिळवलेलं काम होतं ते. सृष्टी घरी येऊन ढसाढसा रडली. घर म्हणजे घोरपडे पेठेतलं अख्तरबानूंचं, तिथे ती पेइंग गेस्ट होती.

आता अख्तरबानू म्हणजे काय चीज! गेली तीस वर्षं त्या भिशीच्या बायकांना हाउजी खेळवतात. पिशवीतून एक ते नव्वदमधला आकडा काढायचा, इंग्रजीत पुकारायचा, बायकांनी तिकिटावर खोडायचा. तीस वर्षांत "काय म्हणालात?" असं विचारायची कुणाची बिशाद झाली नाही.

"आधी सुटे अंक, मग जोडून," त्या म्हणाल्या. "फोर अँड थ्री, फॉर्टी-थ्री. मग गप्प बसायचं. समोरच्याला लिहू दे की!"

"आणि तारीख, चाची? सेव्हन्थ ऑफ सेव्हन..."

"सातवा महिना काय म्हणतेस, डोहाळजेवण आहे का? जुलै म्हण सरळ."

शनिवार-रविवार जादा डाव लावून त्यांनी सृष्टीलाच पुकारायला बसवलं. बायका खूश झाल्या.

मंगळवारी कंपनीची बस डोळ्यांदेखत निघून गेली, म्हणून सृष्टीने आतल्या खोलीतच लॅपटॉप मांडला. बाहेर नेमकी भिशी जमलेली. अख्तरबानू स्वयंपाकघरात भजी तळत होत्या आणि बायका हातात तिकिटं घेऊन कंटाळल्या होत्या. तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "सेव्हन्थ जुलै. फोर अँड थ्री, फॉर्टी-थ्री."

"अगंबाई, सुरू झालं वाटतं!" गोदाबाई म्हणाल्या. मंडईत चाळीस वर्षं भाजी विकलेली बाई, कान तिखट.

"ते जुलै-जुलै काय करतेय मध्येच?" शेजारचीने विचारलं.

"नवीन पद्धत असेल. तू खोड गं."

सगळ्या भराभर खोडायला लागल्या. आत सृष्टी एकेक आकडा सांगत होती, थांबत होती, आणि पलीकडे साहेब मुकाट्याने लिहीत होते. एक "सॉरी" नाही! इतक्यात बाहेर कुणाचे तरी पहिले पाच आकडे खोडून झाले आणि आरोळी आली, "जल्दी फाइव्ह!" साहेबांनी मान वर केली. अनिरुद्धने चॅटवर तीन प्रश्नचिन्हं पाठवली. पोरगी हलली नाही. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

"ट्वेंटी-फिफ्थ ऑगस्ट. टू अँड सेव्हन, ट्वेंटी-सेव्हन." थांबली. "फर्स्ट सप्टेंबर. टू अँड सेव्हन, ट्वेंटी-सेव्हन."

धाडकन दार उघडलं. तिकीट नाचवत गोदाबाई थेट कॅमेऱ्यासमोर.

"सत्तावीस दोनदा? ए पोरी, हाउजीत आकडा दोनदा येतो का कधी? आम्हाला काय येडं समजतेस?"

सृष्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने शेजारी उघडी असलेली तक्रारींची मूळ यादी पाहिली. एक सप्टेंबरच्या आठवड्यासमोर एकसष्ट होते! ती वाचत होती तो तक्ता केला होता पृथ्वीराजने, आणि वरच्याच ओळीतला आकडा त्याने खाली पुन्हा चिकटवला होता. गप्प बसावं, तर कुणाला कळणार नव्हतं. बोलावं, तर कंपनीची चूक चारचौघांत उघडी पडणार. तिने एक श्वास घेतला.

"करेक्शन, सर. फर्स्ट सप्टेंबर. सिक्स अँड वन, सिक्स्टी-वन." आणि शिकवल्याप्रमाणे ती गप्प बसली.

"मधली लाइन!" एकसष्ट खोडून तिकिटाची मधली ओळ पुरी करत गोदाबाई किंचाळल्या.

पलीकडे साहेब हसायलाच लागले. त्यांच्या नोंदीतही एकसष्टच होते, आणि इथले लोक चूक कबूल करतात की दडपतात हेच ते बघत बसले होते. त्यांनी विचारलं, या बाई कोण?

"शी चेक्स, सर," सृष्टी कशीबशी म्हणाली.

"आमच्याकडची पद्धतच आहे ती," अनिरुद्धने घाईघाईने इंग्रजीत जोडून दिलं.

कॉल संपला तेव्हा अख्तरबानू झारा घेऊन दारात उभ्या होत्या. "पिशवी अजून माझ्या कपाटात आहे. कसली लाइन?"

"इंग्लंडच्या साहेबानं मान्य केलीय," गोदाबाई म्हणाल्या आणि बक्षिसाचा स्टीलचा डबा उचलून मोकळ्या झाल्या.

संध्याकाळी अनिरुद्धची मेल आली. यापुढे आकडे सृष्टीच वाचणार. सृष्टीने ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, पुन्हा रडली, आणि या वेळी अख्तरबानूही रडल्या. मेलच्या शेवटी लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनाही दर वेळी बसवावं, अशी साहेबांची खास विनंती आहे.

"बसते की," डब्यात भजी भरत गोदाबाई म्हणाल्या. "पण तुझ्या कंपनीला सांग, तक्रारी नव्वदच्या आत ठेवा म्हणावं. वर गेल्या तर आम्ही खोडायच्या कुठं?"