आडचा मळ

आमच्या शेजारचे आबा माणूस ओळखायचे ते त्याच्या कानामागून. अंबडला बदली होऊन मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून बिऱ्हाड केलं. नमस्कार करायला गेलो, तर त्यांनी मला खांद्याला धरून अर्धं वळवलं, कानामागे नजर टाकली आणि बिलकुल साफ आहे म्हणून पसंतीची मान हलवली.

"दिसतो तो मळ न्हाई, गुर्जी," ते म्हणाले. "आड लपतो तो मळ."

हॉटेलात चहा आला की आबा आधी कपाचा कान आतून तपासत. देवळात गेले की देवापेक्षा समईच्या खाचा जास्त निरखत. पुजारी त्यांना लांबून येताना पाहिलं की फडकं शोधू लागे.

या सगळ्या शास्त्राचं मूळ म्हणजे त्यांची ठासणीची बंदूक. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्या वडिलांनी परवाना काढला होता. तिनं कधी रानडुक्कर मारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, पण तिच्याइतकी लखलखीत बंदूक साऱ्या तालुक्यात नसेल. नळी काय, कुणीही पुसेल, असं आबांचं म्हणणं. खरी परीक्षा घोड्याखालच्या बारीक भोकाची. ठिणगी आत जाते ती तिथून. ते बुजलं की बंदूक आणि काठी सारखीच.

दर रविवारी सकाळी ते ओट्यावर पोतं अंथरत. त्यावर बाभळीचे काटे, मोराच्या पिसाची काडी, शिलाई मशीनचं तेल आणि चांदीचं कानकोरणं मांडलं जाई. कानकोरण्याच्या दांडीला केसांचा बोळा गुंडाळून भोकात फिरवायचा. चिंधीचा धागा तुटून आत राहतो, केस राहत नाही. हे केस म्हणजे आबांच्या वारलेल्या बायकोची गुंतवळ, मेंदीनं तांबूस झालेली. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तोच गुंता आबा वापरत, रिठ्यानं धुवत, उन्हात वाळवत आणि कोनाड्यातल्या डब्यात जपून ठेवत. माणूस चिक्कू तरी किती असावा, असं मला वाटे.

मग निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आबांनी बंदूक जमा केली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या शेजारी स्वतःही जमा झाले. हवालदारानं आधी हाकललं, मग स्टूल दिलं आणि शेवटी कंटाळून बंदूकच पुढ्यात ठेवली. आबा काटे, काडी, तेल सगळं घेऊन गेले होते. फक्त केसांचा डबा विसरले होते, म्हणून ते घरी परतले.

डब्यात सुयांची पुडी होती.

त्यांची सून कमल, नुकतीच लग्न होऊन आलेली. दारावर सुया-बिब्बेवाली आली तेव्हा तिनं कोनाड्यातली जुनी गुंतवळ देऊन सुया घेतल्या. यात तिचं काय चुकलं? घरोघरच्या बायका तेच करत. नवरा एसटीत कंडक्टर, दिवसभर बाहेर. त्या डब्याचं महत्त्व तिला सांगणार कोण? आणि सुनेशी बोलायची आबांच्या घरात रीत नव्हती. आबा टोपी न घालताच बाहेर पडले. त्यांना बोडकं पाहून मी सायकल काढली.

सुया-बिब्बेवाली स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट पाहत बसली होती. आबांनी तिला तिचं गाठोडं सोडायला लावलं. कपाचा कान तपासल्याशिवाय चहाला तोंड न लावणारा हा माणूस धुळीत मांडी घालून बसला आणि त्यानं गावभरच्या केसांत दोन्ही हात घातले.

"अख्ख्या गावाचे केस हायेत, बाबा," ती म्हणाली. "तुला काय वळखू येनार?"

आबा वेचत राहिले. तांबूस केस एकेक करून गुडघ्यावर जमू लागले. गाडी आली, बाईनं आबांकडे पाहिलं आणि गाडी सोडून दिली. मग तीही वेचू लागली.

परतताना मी न राहवून आबांना विचारलं, की चिंधीनं नसतं का भागलं?

"ती नळी धरायची, मी भोक साफ करायचो," ते म्हणाले. "घरात तवा हे मोठं खटलं. आमाला दोघांला बोलाया मिळायचं ते तेवढंच. बंदूक कवाच घाण न्हवती, गुर्जी."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं, आणि बायकोनं ते कमलला सांगितलं असणार.

निवडणूक संपली, बंदूक घरी आली. रविवारी आबांनी पोतं अंथरलं. तेवढ्यात कमल डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. तिनं स्वतःची काळीभोर गुंतवळ पोत्यावर ठेवली, समोर बसली आणि नळी धरली. आबा त्या गुंतवळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी तांबूस केसांचा डबा झाकण लावून बाजूला सारला आणि काळे केस कानकोरण्याला गुंडाळले.

"तुझ्या सासूचा हात हलत न्हवता," आबा म्हणाले. "तुझा हलून राह्यला."

"शिकंन की मी," कमल खाली बघत म्हणाली. "सासूबाई नळी कशी धरायच्या?"

आबा सांगू लागले. भोक तर केव्हाच लख्ख झालं असणार. दोघं उठले तेव्हा दुपार झाली होती.